आर्डिथबाईंच्या हाताला बसेल असं रिव्हॉल्व्हर

ओक्लाहोमातल्या कॉटन फोर्क गावात एखाद्या बाईला रिव्हॉल्व्हर घ्यायचं असेल तर आधी तिला गावातल्या यच्चयावत पुरुषांचं ऐकून घ्यावं लागतं. विचारलं नाही तरी सांगतात. पेट्रोल पंपावर सांगतात, बँकेच्या रांगेत सांगतात, चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीबुवा हात हातात घेऊन सांगतात, आणि प्रवचनात ओतत नाहीत एवढा जीव त्यात ओततात. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की मी वापरतो तेच घ्या. नवरा कुठला करावा याची या गावाने कधी एवढी काळजी वाहिली नाही, नाहीतर निम्म्या बायका आज सुखात असत्या.

आर्डिथ स्टबलफिल्डबाईंच्या नशिबी हे सगळं आलं ते ऐन सत्तरीत. बाईंचं केस कापायचं दुकान घराच्याच गॅरेजमध्ये. दोन खुर्च्या, डोकं धुवायचं एक बेसिन, आणि डोक्यावर टोपासारखे बसणारे मोठे ड्रायर. त्यांच्याखाली बसलं की शेजारणीचं काही ऐकू येत नाही, म्हणून बायका ओरडून बोलतात आणि गावाची गुपितं पार रस्त्यापर्यंत जातात. जिवंत बायकांचे केस त्या करायच्याच, शिवाय गावात कुणी गेलं की अंत्यसंस्कारवाले त्यांनाच बोलवायचे. खरं सांगायचं तर मेलेली गिऱ्हाइकं त्यांना जास्त आवडायची. मान हलवत नाहीत, आणि मागून कसं दिसतंय म्हणून आरसा मागत नाहीत. नवरा लॉइड गॅसचा ट्रक चालवायचा. तो गेला तेव्हा त्याचेही केस बाईंनीच कापले, आणि उभ्या जन्मात तो पहिल्यांदाच गप्प बसला म्हणून त्यांना रडू कोसळलं.

तेव्हापासून बाई एकट्या. एकट्या म्हणजे मजेत, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. सकाळी कॉफी, दुपारपर्यंत गिऱ्हाइकं, संध्याकाळी पाय वर करून टीव्हीवरचे कोर्टातले खटले, त्यात न्यायाधीशालाही चार गोष्टी सुनावायच्या.

मग ऑगस्टमध्ये पलीकडच्या घरात चोर शिरले. टीव्ही नेला, भिंतीतल्या तांब्याच्या नळ्या उपटून नेल्या, आणि म्हातारा एव्हरेट मध्ये आला तेव्हा त्याला असं ढकललं की बिचाऱ्याचा खुबा मोडला. ही बातमी टल्साला पोचली. टल्सा शहरात बाईंचा एकुलता एक मुलगा डस्टिन राहतो, विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात साहेब आहे. त्याच शनिवारी तो येऊन थडकला. एकटाच आला. उन्हाळाभर तो एकटाच येत होता. सून कॅरा कामात असते आणि नात टेसाला नाचाचा क्लास असतो, असं त्याचं ठरलेलं उत्तर. चार वर्षांच्या पोरीला एवढं कसलं नाचायचंय हे बाईंनी विचारलं नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून डस्टिनने निकाल दिला. एक तर घर विकून माझ्याकडे टल्साला चल, नाहीतर अंगावर हत्यार बाळगायला शीक, रीतसर वर्गात जा आणि परीक्षा पास हो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत मुदत. ओक्लाहोमाच्या कायद्याला आता ना परवाना लागतो ना परीक्षा, पण डस्टिनला लागत होती. वर म्हणाला, एजंटाशी बोलून ठेवलंय. ते मात्र बाईंना झोंबलं. आपल्या घराचा भाव आपल्या पाठीमागे काढला जातो म्हणजे काय? त्याच टेबलाशी हा पोरगा दूध सांडून भोकाड पसरायचा. त्या म्हणाल्या, ठीक आहे, घेते हत्यार. घर राहणार की जाणार ते आता एवढ्यावर येऊन ठेपलं.

डस्टिनने लगेच कमरेचं स्वतःचं पिस्तूल काढलं, रिकामं केलं आणि आईच्या हातात दिलं. त्याची वरची पट्टी मागे ओढली की गोळी आत चढते. बाईंनी ओढली. हलली नाही. दात-ओठ खाऊन ओढली, तरी नाही. चाळीसेक वर्षं कात्री चालवून दोन्ही अंगठ्यांचे सांधे कामातून गेले होते.

"लोणच्याची बरणी उघडायला मी एव्हरेटला बोलवायचे," बाई म्हणाल्या. "चोर आला की त्यालाच सांगू का, बाबा, जरा एवढं मागे ओढून दे?"

म्हणून रिव्हॉल्व्हर. त्यात ओढाओढी नाही, गोळ्या चाकात भरून ठेवायच्या आणि घोडा दाबायचा.

डेल्मर टिडवेलच्या दुकानात एका बाजूला माशांसाठी गांडुळं मिळतात आणि दुसऱ्या बाजूला बंदुका. मध्ये कॉफीचं भांडं, आणि त्याभोवती दोन म्हातारे कायमचे बसलेले, दुकानाबरोबर विकत घेतल्यासारखे. बाई आत आल्या तसा डेल्मरने काही न विचारता काचेखालून एक रिव्हॉल्व्हर काढून समोर ठेवलं. एवढंसं, हलकंफुलकं, आणि मूठ गुलाबी. खास बायकांसाठी आलंय म्हणाला.

"डेल्मर, तुझ्या आईचे शेवटचे केस मी केले. तेव्हा तिला गुलाबी रिबन लावली होती का रे?"

"नाही, आर्डिथबाई."

"मग मला का लावतोस?"

डेल्मरने निमूटपणे तेच काळ्या मुठीतलं काढलं. पर्समध्ये आहे असं जाणवणारसुद्धा नाही, एवढं हलकं, म्हणाला. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. दुकानामागे मातीच्या बांधासमोर नेम धरायची जागा आहे, तिथे बाईंनी कानावर ते आवाज अडवणारे टोप चढवले आणि बार काढला. गोळी कुठे गेली देव जाणे, पण हात मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिणला. हलकं हत्यार सगळा धक्का हातावर ढकलतं, हे तिघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं, कारण तिघांपैकी एकानेही ते कधी उडवलं नव्हतं. बाईमाणसाला हलकं द्यावं एवढंच त्यांना ठाऊक.

"सवय होईल," डेल्मर म्हणाला.

"लॉइडचीपण होईल म्हणाले होते," बाई म्हणाल्या आणि हात चोळत घरी आल्या.

दुसऱ्या खेपेला डेल्मरने जरा वजनदार दाखवलं. त्याच्या मागच्या बाजूला खटका होता, अंगठ्याने तो मागे केला की घोडा अलगद दाबता येतो. बाईंनी ते कामाच्या डगल्याच्या खिशात टाकलं आणि चोर आलाय असं समजून झटकन बाहेर काढलं. खटका अस्तरात अडकला. रिव्हॉल्व्हरबरोबर अख्खा खिसा उलटा होऊन बाहेर आला, त्यातून कंगवा, केसांचे चिमटे आणि पेपरमिंटच्या गोळ्या दुकानभर सांडल्या. चोर असता तर त्याने वेचायला मदत केली असती. मग डेल्मरने खटका आत झाकलेलं काढलं. ते खिशातून लोण्यासारखं निघालं, पण आता अंगठ्याची सोय गेली, सगळा जोर एका बोटावर. बाईंनी घोडा दाबायला घेतला. अर्ध्यावर बोट थरथरायला लागलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा तिथेच. दोन्ही म्हातारे एकदम कॉफीत काय पडलंय ते बघायला लागले.

बाई गाडीत येऊन बसल्या आणि रडल्या. घर हातातून चाललं होतं, आणि तेही हातांमुळेच. टल्सातली ती पाहुण्यांची खोली त्यांच्या डोळ्यासमोर आली, बेज रंगाच्या भिंती, बेज चादरी, आणि खिडकीतून दिसणारं दुसऱ्याचं गॅरेज. तिथे कुणाचे केस कापायचे? मेलेलेसुद्धा ओळखीचे नाहीत.

पुढचा आठवडाभर बाई गप्प होत्या, आणि आर्डिथबाई गप्प आहेत हीच गावाला बातमी होती. तर एका दुपारी बर्निटा यॉकमच्या डोक्यावर कात्री चालवताना त्यांचा हात मध्येच थांबला. हातातल्या कात्रीकडे त्या बघत राहिल्या. बर्निटा घाबरली, काय कापलंत म्हणून ओरडली. काही कापलं नव्हतं. ती त्यांची जुनी, जड, पोलादी कात्री होती. डस्टिनने नाताळला नवी आणली होती, कागदासारखी हलकी, तिने तासाभरात हात भरून यायचा. जुनीचं वजनच अर्धं काम करायचं, आणि इतकी वर्षं चालून तिचा सांधा असा मऊ झाला होता की बोट नुसतं टेकलं तरी पुरे. नवी कात्री आठवडाभरात ड्रॉवरमध्ये गेली होती. आणि आपण तीन पुरुषांच्या नादी लागून नवं आणि हलकं शोधतोय, असं म्हणून बाईंनी स्वतःलाच एक शिवी दिली. बर्निटाला ती आपल्यालाच वाटली.

केस अर्धे ओले तसेच टाकून बाई डेल्मरकडे गेल्या.

"हलकं नको, जड दाखव. आणि नवं नको. कुणीतरी वापरून वापरून सैल केलेलं दाखव."

डेल्मरने डोकं खाजवलं, मागे गेला, आणि बँकेवर पहारा देणाऱ्या एका म्हाताऱ्याचं त्याच्या बायकोने विकायला ठेवलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. आखूड नळीचं, भरीव पोलादी, खटका आत झाकलेला, आणि गोळी जरा लहान. पहारेकऱ्याला आयुष्यभर चोर काही भेटला नव्हता, पण कंटाळा आला की रिकाम्या चाकावर घोडा दाबत बसायची त्याला खोड होती. घोडा गुळगुळीत झाला होता. बाईंनी दाबला. बोट अर्ध्यावर आलं, थांबलं नाही, पुढे गेलं. टक.

"बत्तीसची गोळी," एक म्हातारा नाक मुरडून म्हणाला. "त्याने फार तर खार मरेल."

"मग समोर उभे राहा जरा," बाई म्हणाल्या. "खार समजते."

दुसरा म्हातारा हसता हसता कॉफी नाकात जाऊन ठसकला. बाईंनी बांधासमोर सगळं चाक रिकामं केलं. धक्का बसला, पण हात जागेवर राहिला, आणि भोकं सगळी कागदावर पडली. पर्समध्ये ठेवायचं चामडी पाकीट मोफत देतो म्हणाला डेल्मर. बाईंनी नको म्हटलं. दुकानात आठवड्याला एखादी तरी पर्स मागे राहते, बायका पर्स कुठेही ठेवतात आणि कुठेही विसरतात. खिशातलं माणसाबरोबर उठतं. त्यांनी घरी येऊन डगल्याला आणि कोटाला जाड जीन्सच्या कापडाचे नवे खिसे शिवले. बर्निटाला पुन्हा बसवून तिचे केस पुरे केले, तेही फुकट.

अग्निशमन केंद्रामागच्या वर्गात त्या पास झाल्या. शिकवणारा रेड्यासारखा दणकट गडी होता, त्याने निकाल सांगताना आर्डिथबाईंशी आधी हात मिळवला आणि मग भीतभीत मिठी मारली, कारण रिव्हॉल्व्हर कुठल्या खिशात आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी डस्टिन आला आणि आईला तळ्याकाठच्या हॉटेलात कॅटफिश मासे खायला घेऊन गेला. टल्साहून थेट आल्यामुळे तो आधी पळाला तो संडासात. तिथे एकच संडास आहे, बाप्यांचा आणि बायकांचा मिळून. तो बाहेर आल्यावर बाई गेल्या. कडी लावली, वळल्या, आणि बघतात तर कागदाच्या गुंडाळीवरच्या फळीवर डस्टिनचं पिस्तूल. आरामात पडलेलं, पूर्ण भरलेलं.

आमच्याकडे हे असं होतं. पँट खाली करायची तर कमरेचं जड हत्यार लादीवर आपटतं, म्हणून माणूस ते आधी काढून हाताशी ठेवतो, आणि उठताना पँट तेवढी वर घेतो. मान्य कुणी करत नाही. बाईंनी ते नळी खाली ठेवून दोन बोटांनी उचललं. रिकामं करावं म्हटलं तर पट्टी त्यांच्याने मागे ओढवत नव्हती. कोटाच्या एका खिशात त्यांचं स्वतःचं होतं, दुसरा खिसा होता लहान. शेवटी नाइलाजाने त्यांनी ते पर्समध्ये घातलं, पर्स छातीशी धरली, आणि लगेच त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. आता बघतेच त्याच्याकडे, असं म्हणत त्या टेबलाशी आल्या. एका म्हातारीकडे दोन हत्यारं आणि तिच्या पहिलवान पोराकडे एकही नाही.

कोबीची कोशिंबीर आली, मक्याचे तळलेले गोळे आले, मासे आले. डस्टिनने तोंडात घास असतानाच विषय काढला. पास झालीस ते उत्तम, पण तरी त्याला वाटत होतं की घर विकावंच. ईस्टरला तिच्या हातून शेगडी चालू राहिली होती, म्हणाला. एजंट सोमवारी बघायला येतोय. बाईंच्या हातातला काटा तसाच राहिला. म्हणजे हा परीक्षा घेणार, आपण पास होणार, आणि घर जायचं ते जाणारच.

"हत्यार बाळगणं म्हणजे नुसता नेम नाही, आई," तो म्हणाला. "सतत भान लागतं. एक क्षण विसरून चालत नाही. या वयात ते तुला जमेल का, सांग ना."

"भान लागतं खरं," बाई म्हणाल्या आणि मांडीवरची पर्स आवळून धरली.

त्यांनी ठरवलं, पीचचं गोड येऊ दे. चमचा त्याच्या तोंडात असतानाच पर्स उघडायची. त्याचा चेहरा कसा होईल ते त्या मनातल्या मनात रंगवत होत्या. पण गोड यायच्या आधीच डस्टिन खुर्चीत जरा वळला, त्याचा हात कमरेवर गेला आणि तिथेच राहिला. तो उठला. खुर्ची मागे पडली, तीही त्याने उचलली नाही.

संडासाला आतून कडी होती. त्याने दारावर थापा मारल्या. आत एक बाई वैतागून म्हणाली, थांबा, पोर आहे बरोबर. ते ऐकल्यावर त्याचा आवाजच बदलला.

"बाई, तिला कशाला हात लावू देऊ नका. दार उघडा. काही विचारू नका, नुसतं उघडा."

दार उघडलं. एक तरुण बाई आणि तिचं बोट धरलेली लहानशी पोरगी, हात ओले. डस्टिन त्या पोरीच्या हातांकडे बघत राहिला. मग आत घुसला आणि रिकाम्या हातांनी बाहेर आला. एका हाताने त्याने भिंत धरली होती. सगळं हॉटेल त्याच्याकडे बघत होतं.

बाईंची सगळी मजा तिथल्या तिथे मेली. असा चेहरा त्यांनी फक्त अंत्यसंस्कारवाल्यांच्या टेबलावर पाहिला होता, आणि हा त्यांचा पोरगा होता.

"डस्टिन," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. माझ्याकडे आहे."

तो येऊन बसला. गोड आलं आणि तसंच राहिलं. मग तो ताटाकडे बघत म्हणाला, "आई, ही दुसरी वेळ आहे."

पहिली वेळ घरची होती. मार्चमध्ये. तो ते न्हाणीघरात विसरला, आणि टेसा दोन्ही हातांत धरून ते स्वयंपाकघरात घेऊन आली. बाबा, हे तुझं राहिलं, म्हणाली. कॅराने पुढे होऊन तिच्या हातातून ते काढून घेतलं, ओट्यावर ठेवलं, आणि पोरीला घेऊन त्याच दिवशी माहेरी गेली. ती तिथेच आहे. नाचाचा क्लास वगैरे काही नाही.

बाईंना आधी राग आला. एवढा, की हात उचलून सगळ्या हॉटेलासमोर त्याच्या कानाखाली वाजवावी. माझी नात, चार वर्षांची, आणि ते तिच्या हातात. त्यांनी पर्स घट्ट धरली म्हणून हात उठला नाही. त्याने मान वर केली नाही, तशा त्या हळूहळू निवल्या.

"म्हणजे माझी काळजी म्हणून नव्हतास नेत," त्या म्हणाल्या.

"काळजी होती गं. पण कामावरून आलो की घर खायला उठतं. वाटायचं, तू असलीस तर आतून कुणीतरी बोलेल."

"आणि मीच विसरभोळी."

"माझ्याखेरीज कुणीतरी विसरभोळं असायला हवं होतं," डस्टिन म्हणाला, आणि मग तो रडला. टेबलवाली बाई गोड थंडा चहा भरायला आली होती, ती तशीच मागे फिरली.

बाहेर गाडीपाशी त्याने पिस्तूल आईच्या पर्समधून काढून रिकामं केलं आणि तिच्याकडेच ठेवायला पुढे धरलं. तिने काही सांगायच्या आधीच. बाईंनी ते घेतलं आणि गाडीची किल्लीही मागून घेतली. घरापर्यंत मी चालवते, म्हणाल्या. तो निमूटपणे पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. बाईंनी एजंटाला फोन लावायला सांगितला, आपल्यासमोर, आणि त्याने लावला. सोमवारी येऊ नका, घर विकायचं नाही, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. बाईंना वाटलं होतं हे ऐकून आपण जिंकल्यासारख्या हसू. हसू आलं नाही.

"आज टल्साला जायचं नाही," रस्त्याला लागल्यावर त्या म्हणाल्या. "उद्या दोघं मिळून कॅराकडे जाऊ. मी बोलेन, तू गप्प बसायचं. रात्री तुझ्या खोलीत झोप. पलंगावर बाबांचे कोट पडलेत, ते तेवढे उचलावे लागतील."

"बाबांचे? अजून तसेच आहेत?"

"मग काय," आर्डिथबाई म्हणाल्या. "मी एकटीने उचलायचे का?"